प्रतिक्रियेला उत्तर: ‘रामदास’ बोट, घरातल्या आठवणी आणि भरतीचं गणित

नमस्कार.

1947 मध्ये बुडालेल्या ‘रामदास’ या प्रवासी बोटीवर, माझ्या महाविद्यालयातल्या मुलांनी घरोघर जमवलेल्या आठवणींवरून मी लेख लिहिला होता. त्याखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. आपण ‘इतिहासाचा एक विद्यार्थी’ एवढीच सही केली आहे, तेव्हा नुसतं ‘आपण’ म्हणूनच लिहिते. आपले आक्षेप थोडक्यात असे. भूगोलाच्या बाईंनी मानसशास्त्र, इतिहास, शिक्षण आणि सिनेमा एका पातेल्यात टाकून खिचडी केली. नव्वदीला टेकलेल्या माणसांच्या आठवणींना पुरावा म्हणता येत नाही, आधी कागद, म्हणजे लेखी नोंदी, पाहायच्या. आणि मुलांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना घरोघर पाठवलं की प्रकल्पाची वही तयार होते, संशोधन होत नाही.

तिसरा आक्षेप आधी घेते, कारण तिथे आपलं बरोबर आहे. आमच्या पहिल्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता: ‘बोट कलली तेव्हा लोक एका बाजूला का धावले?’ बोट कलली हेही आम्हीच सांगितलं, लोक धावले हेही आम्हीच सांगितलं. समोरच्या म्हाताऱ्या माणसाने फक्त कारण पुरवायचं. हा प्रश्न मी स्वतः लिहिला होता, मुलांचा त्यात काही दोष नाही.

असा प्रश्न आठवणीचं काय करतो हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये दाखवून दिलं. मोटारींच्या टकरींच्या त्याच चित्रफिती सगळ्यांना दाखवल्या आणि वेगाविषयीच्या प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ असं विचारलं तेव्हा लोकांनी सरासरी वेग ताशी सुमारे 41 मैल सांगितला, नुसत्या ‘लागल्या’ म्हटल्यावर सुमारे 32. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले. सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांत असे 7 निघाले. म्हणून पहिल्या फेरीची सगळी उत्तरं मी बाजूला काढली आहेत. फाडलेली नाहीत, पण त्यांवर आता काही उभं करणार नाही. दुसऱ्या फेरीत मुलं एकच वाक्य बोलतात, ‘त्या दिवसाचं सांगा,’ आणि गप्प बसतात. गप्प बसायला शिकवायलाच मला पंधरा दिवस लागले.

आता आठवणींकडे येते. इतर वाचकांसाठी दोन ओळी: गुरुवार, 17 जुलै 1947, गटारीचा दिवस. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवस बंदराला निघालेली ‘रामदास’ वाटेतल्या काशाच्या खडकाजवळ उलटली. 600 हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. बरोबर 29 दिवसांनी स्वातंत्र्य आलं. देशभर जे चाललं होतं त्यात ही बातमी मागे पडली, पण तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या घरांतून ती गेली नाही.

आपण लिहिता की आमच्या तीन आज्यांनी ‘बोट मधोमध दुभंगली’ असं सांगितलं, ते उघड खोटं आहे, मग बाकीचं तरी का मानायचं? ‘रामदास’ उलटली, दुभंगली नाही, हे मलाही मान्य आहे. मीही तिथेच अडले होते. मग एका विद्यार्थिनीने आजीला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? आजी म्हणाली, माझ्या आईने. आणि लगेच पुढे, ‘टीव्हीवर दाखवली ना, तशीच.’ टीव्हीवरची बोट 1997 च्या ‘टायटॅनिक’ सिनेमातली. आईने सांगितलेल्या गोष्टीत चित्र नव्हतं, ती जागा पन्नास वर्षांनी सिनेमाने भरली. हे खोटं बोलणं नाही. ती गोष्ट बोट कशी बुडाली याचा पुरावा नाही, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. पण आठवण कशी घडते याचा मला मिळालेला तो सर्वांत नितळ पुरावा आहे, आणि सिनेमाला हात न लावता तो हाती लागला नसता.

त्या ‘टायटॅनिक’ जहाजाचीच दुसरी बाजूही पाहा. 1912 मध्ये वाचलेल्या काही प्रवाशांनी सांगितलं होतं की जहाज डोळ्यांदेखत तुटलं. ब्रिटिश चौकशीने ते मानलं नाही. 1958 च्या इंग्रजी सिनेमातही जहाज अखंडच बुडतं. 1985 मध्ये समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले, ते दोन मोठ्या तुकड्यांत. म्हणजे त्र्याहत्तर वर्षं कागद चुकीचा आणि माणसं बरोबर होती. आपण ‘आधी कागद’ म्हणता तेव्हा मला हे आठवतं.

मग आठवण तोलायची कशी? इथे भूगोलाच्या बाईंना थोडं बोलू द्या. दोन घरांत आम्हाला उलटसुलट ऐकायला मिळालं. एकीकडे सांगितलं, सुकती, म्हणजे ओहोटी होती आणि पाण्याने माणसं खोल समुद्रात ओढली. रेवसकडच्या एका आजोबांचे वडील त्या दिवशी होडी घेऊन बाहेर होते. आजोबा म्हणाले, ‘पानी चरतं (चढत) व्हतं, मानसं बंदराच्या अंगाला गेली.’ दोघांनाही त्रास देणारा एकही प्रश्न न विचारता हे तपासता येतं. आपल्या किनाऱ्यावर कोणीही जुना माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. चतुर्दशी धरली तर साडेदहा. प्रत्यक्षात मुंबई बंदरात अमावास्येच्या आसपास पूर्ण भरती अकरा-बाराच्या सुमारास येते. बोट सकाळी आठनंतर निघाली आणि रेवसला पोचण्याआधीच बुडाली. म्हणजे त्या वेळी पाणी चढत होतं, तेही उधाणाचं, आणि मागून नैऋत्येचा वारा. अशा पाण्याचा ओढा बंदराच्या आत असतो. वाचलेला एक मुलगा पोहत गेटवेपर्यंत पोचला अशी नोंद आहे, तीही याच्याशी जुळते. आजोबांच्या वडिलांचं वाक्य खरं निघालं. सुकतीचं सांगणाऱ्या घरात त्या दिवशी गेलेला माणूस परत आलाच नव्हता, त्याचा देहही मिळाला नाही. समुद्राने त्याला आत ओढून नेलं असंच त्यांना वाटणार. ते वाक्य मी चूक म्हणून खोडलेलं नाही, वेगळ्या रकान्यात ठेवलं आहे.

आपण अलिबागचे असाल तर इथली चुंबकीय वेधशाळा रोज पाहत असाल. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडतील, यासाठी 1904 मध्ये ती इथे आणली. पण जुनी लगेच बंद केली नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन ठिकाणांतला फरक कळावा. मला कागद आणि आठवण यांचं तसंच करायचं आहे. एक बंद करून दुसरं नको. आणि या कामाला मी एकटी पुरी पडत नाही, म्हणून पाच विषयांची दारं ठोठावते. जिथे कच्ची आहे तिथे आपल्यासारख्यांनी अडवावं.

ज्यांनी ते पाणी स्वतः पाहिलं, त्यांतली त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीत जात आहेत. मागच्या पावसाळ्यात ज्यांच्याकडे मुलं गेली होती, त्यांतले दोघं आता नाहीत.

आपण लिहिलंत की आपल्याकडे त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. ती मला पाहायची आहेत. बोट सुटल्याची वेळ त्यांत मिनिटांसह छापली असेल, तर वरचं भरतीचं गणित मी पुन्हा मांडेन, आणि ते चुकलं असेल तर तसं इथेच लिहीन. बाजूला काढलेल्या उत्तरांचे कागदही आपल्यासमोर ठेवेन. शनिवारी दुपारी महाविद्यालयात मुलं बसलेली असतात. त्या वेळी आलात तर ‘कागद कसा वाचायचा’ हे आपणच त्यांना शिकवा, ते मला तितकं चांगलं येत नाही.