पाच एकरांची अमेरिका दाखवू नका

चुलतभावाने घरच्या ग्रुपवर एका कृषी प्रदर्शनातल्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपला शेतकरी हिशेब ठेवत नाही, शेतीकडे धंदा म्हणून बघत नाही, म्हणून तोट्यात जातो, अमेरिकेत पाच-सात एकरवाला थेट गिऱ्हाइकाला माल विकून ताठ मानेने जगतो. खाली चुलतभावाची ओळ होती, "खरं-खोटं आमच्या ताईला विचारा." तो पुण्यात बँकेत आहे. मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते, कारण उदाहरण म्हणून मला उभं केलंय आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

न्यू जर्सीत हंटरडन काउंटीत आमची आठ एकर जमीन आहे. लसूण, टोमॅटो, पालेभाज्या, कडेने झेंडू. सीएसएचे, म्हणजे हंगामभर दर आठवड्याला आमच्या भाजीचा वाटा घेणाऱ्या योजनेचे, सभासद हंगामाआधीच पैसे भरतात, त्यातून बियाणं आणि कंपोस्ट येतं. उरलेला माल शनिवारच्या बाजारात जातो. म्हणजे ते वक्ते जे जे करा म्हणतात ते सगळं मी करते. हिशेबही पैशापैशाचा ठेवते. आणि त्या हिशेबाचा निकाल असा की आमचं घर नवऱ्याच्या पगारावर चालतं. आरोग्य विमा त्याच्या नोकरीचा, घराचा हप्ता त्याच्या पगारातून. लसणाच्या पैशातून हरणांचं कुंपण दुरुस्त होतं आणि ट्रॅक्टर चालतो.

लसणाचंच बघा. ऑक्टोबरात पाकळ्या लावून वर पेंढा टाकायचा, जूनमध्ये स्केप, म्हणजे लसणाचे फुलाचे दांडे, खुडायचे, जुलैत उपटून शेडमध्ये जुड्या टांगायच्या. वाळला की एकेका गड्ड्याची माती चोळून काढायची, मुळं कातरायची, आकारानुसार क्रेट वेगळे करायचे. बोटांच्या भेगांत माती बसते ती सप्टेंबरपर्यंत निघत नाही. हे काम मी रात्री जेवणं उरकल्यावर करते आणि त्याची मजुरी कुठेच धरत नाही. इथल्या किमान वेतनाने ते तास धरले, तर शेड्यूल एफवर, म्हणजे करविवरणातल्या शेतीच्या फॉर्मवर, नफ्याच्या जागी उणे आकडा येईल.

मी एकटी नाही. अमेरिकन कृषी खात्याची आकडेवारी वर्षानुवर्षं हेच सांगते: शेतकरी कुटुंबांचं शेतीतलं मध्यक उत्पन्न, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या कुटुंबाचं उत्पन्न, बहुतेक वर्षी शून्याच्या खाली असतं आणि घर बाहेरच्या पगारावर चालतं. शिवाय सरकार पाठीशी उभं असतं. न्यू जर्सीच्या 1964 च्या कायद्याने पाच एकर कसून वर्षाला हजार डॉलरचा माल विकला की त्या जमिनीवरचा प्रॉपर्टी टॅक्स एकदम खाली येतो. 1 ऑगस्टच्या आत असेसरकडे, म्हणजे गावच्या कर आकारणी अधिकाऱ्याकडे, फॉर्म गेला की झालं. हा कर पूर्ण लागला असता तर आम्ही कधीच जमीन विकली असती. आमच्या शेजाऱ्यांनी तर आपल्या शेतावर घरं बांधायचा हक्कच सरकारला विकून टाकला, त्या पैशातून कर्ज फेडलं आणि शेत शेतच राहिलं. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वाटू नये.

आता माझ्या माहेरी, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला या. माझ्या थोरल्या भावाकडे दादरच्या दुकानातल्यासारखी कम्प्युटरची बिलं नसतील, पण त्याची वही मी पाहिलेली आहे. रोपं, लागणीची मजुरी, औषधं, गोण्या, ट्रॅक्टरचं भाडं, पट्टीतली हमाली आणि तोलाई, सगळं तारखेवार. त्याला हिशेब येत नाही असं म्हणणाऱ्याने ती वही वाचावी. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. डिसेंबरात, दादाचा लाल कांदा काढणीला आलेला असताना, निर्यातच बंद केली. बंदी उठली ती मे 2024 मध्ये. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून ज्याच्या मालाचा भाव पाडला जातो, त्याने धंदा करायचा तो कुठल्या गणिताने? माझ्या लसणाचा भाव मी पाटीवर खडूने लिहिते. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण सरकार तो आकडा पुसायला येत नाही.

आणि पाच एकर म्हणताना निदान आपल्याकडचे एकर तरी बघावेत. महाराष्ट्रात 1970-71 मध्ये एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर.

शेतकरी संघटना उभी करणारे शरद जोशी स्वित्झर्लंडच्या बर्नमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले. हिशेब तर त्यांच्या बोटांवर होता. तरी तोटा निघाला, आणि त्यांनी दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला न देता भाव पाडणाऱ्या धोरणाला दिला. हे इतकं मांडून झाल्यावर पुन्हा कुणीतरी व्यासपीठावरून 'हिशेब ठेवा' सांगतो तेव्हा संताप येतो.

दादाला माझं हे सगळं पटतं, एवढंच की मी शेतकरी आहे हे पटत नाही. "तुझी हौस आहे," म्हणतो. हौसेने कुणी मार्चच्या गारठ्यात गोठलेल्या होजपाइपशी झुंजत नाही. पण त्याच्याशी मी भांडत नाही, कारण कागद त्याच्या बाजूने आहे. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. कसणारा तो, वाटा मागणं मला शोभलं नसतं, आजही मागणार नाही. पण सही केली आणि सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं. आता नागरिकत्व इथलं, त्यामुळे चांदवडला शेतजमीन विकत घ्यायची म्हटलं तरी कायदा घेऊ देणार नाही. हजार डॉलरच्या विक्रीवर न्यू जर्सी मला शेतकरी मानते. जिथे मी खुरपणी शिकले तिथे मी कुणीच नाही.

माझं सोडा, मी तर निघून आले. वहिनी पहाटे उठून कांदा लागणीच्या बायकांबरोबर वाफ्यात बसते, कांदाचाळीतला सडका कांदा निवडते, आणि सातबाऱ्यावर तिचंही नाव नाही, दादाच्या वहीत तिची मजुरीही नाही. 1986 मध्ये चांदवडलाच शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखो बायका आल्या, माझी आई ट्रकमधून गेली होती. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, कितीतरी पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली. आमच्या घरापर्यंत ती आली नाही. शेतीला धंदा म्हणायचंच असेल तर सुरुवात वहिनीच्या मजुरीचा रकाना पाडून करावी. दादाला मी हे फोनवर म्हटलं, तिचं नाव लावायचंही म्हटलं. "तिकडे बसून सांगायला काय जातं," असं उत्तर आलं.

काय जातं ते मला त्याला सांगता आलं नाही. रोज रात्री झोपण्याआधी मी लासलगावच्या बाजारातला कांद्याचा भाव बघते, तिकडे तेव्हा सकाळचे लिलाव चाललेले असतात. भाव पडलेला दिसला की त्या शनिवारी माझ्या टेबलावरचा सगळा माल संपला असला तरी मला त्याचा आनंद होत नाही.