वावरातली बॅटरी ८० टक्क्यांवर तोडू नका

"लिथियम बॅटरी ८० टक्के झाली की चार्जिंग तोडा, आयुष्य दुप्पट होते. ॲपात टक्क्यांचा कट लावा." झटका मशीन, म्हणजे वावराच्या कुंपणतारेत करंट सोडून जनावरं हाकलणारं यंत्र; ते वापरणाऱ्यांच्या ग्रुपांत हा मेसेज फिरतोय. वावरातल्या सोलरसाठी हा सल्ला नुकसानीचा आहे.

हा सल्ला मुळात मोबाईलचा. त्यातला सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, सतत भरलेला ठेवला की लवकर झिजतो. वावरात बहुतेक लिथियम फेरो फॉस्फेट जातीची बॅटरी असते, तिचा सेल ३.६५ च्या वर न्यायचाच नसतो.

खरी गोम "टक्के" या शब्दात आहे. टक्के कोणी मोजत नाही. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, यावरून मीटर हिशोब मांडते. झटका मशीनचा बारीक करंट साध्या मीटरला दिसतही नाही. व्होल्टेजवरून ताळा करावा, तर मधल्या पट्ट्यात सेल ३.३ च्या आसपासच घुटमळतो. चूक निघते ती बॅटरी पूर्ण भरल्यावरच. ८० ला तोडली की ती निघतच नाही.

माझ्या तुरीच्या वावरात हेच झालं. स्क्रीनवर ७८ टक्के, आणि रात्री दोनला मशीनची टिकटिक बंद. सकाळी कडेच्या सहा ओळी रानडुकरांनी लोळवलेल्या. पेटी उघडून मल्टीमीटर लावला: तीन सेल ३ व्होल्टच्या वर, चौथा २.५, म्हणून बीएमएसने (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) लाईन तोडलेली. साधा बीएमएस सेल सारखे करतो तो बॅटरी भरत आल्यावर, साधारण ३.४ व्होल्टच्या पुढे. कित्येक महिने तिथवर जाऊच दिलं नाही, चौथा मागे पडत गेला. मग चार सेल मिळून १४.२ व्होल्टवर रोज पूर्ण भरू दिली, तेव्हा कुठे तो हळूहळू बाकीच्यांबरोबर आला.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे: भरलेली बॅटरी उन्हात पडून राहिली तर झिजते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. त्यावर उपाय सावलीचा. पेटी लिंबाखाली न्या, आणि उन्हाळ्यात मशीन बंद असेल तर अर्धी भरून घरात ठेवा. सोलरच्या चार्ज कंट्रोलरवर चार्जिंग १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५, आणि इक्वलाइज (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद.

राहिला ८० ला तोडून सोडून दिलेल्या २० टक्क्यांचा हिशोब. १२.८ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीचे २० टक्के म्हणजे २५६ वॉट-अवर. श्रावणात झड लागली की जागलीवरचा ८ वॉटचा दिवा तेवढ्यात ३० तास चालतो.