लॉगिन झालं म्हणजे टेस्टिंग झालं?

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक रिलीजला तेच. बरोबर पासवर्ड टाकला, डॅशबोर्ड उघडला, की तिकीट (टेस्टिंगच्या कामाची नोंद) बंद! अहो, आत जाता येतं हे बघितलंत. नको त्याला बाहेर ठेवता येतं का, ते कोण बघणार? लॉगआउटनंतर तेच जुनं टोकन, म्हणजे लॉगिनवेळी मिळालेला डिजिटल पास, लावून सर्व्हरला रिक्वेस्ट मारा. ४०१ ("ओळख पटली नाही") यायला हवा, येतो २०० ("सगळं ठीक"). म्हणजे फक्त ब्राउझरमधली कुकी, म्हणजे टोकन ठेवलेली नोंद, पुसली; सर्व्हरवर ते लॉगिन (सेशन) जिवंतच. सहा आकडी ओटीपीच्या शक्यता अवघ्या १० लाख, आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादाच नाही! सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "असं कोण करतंय?" चोर करतो ना! लोकांचे पगार, आजारपणाचे रिपोर्ट आहेत या सिस्टममध्ये. आणि डेमोची घाई झाली की पहिली कात्री याच टेस्टना. डोकं फिरतं अगदी.