ते १०० एमबीचं पार्टिशन उडवू नका

‘विंडोज १० संपली, लॅपटॉप फेकू नका, १० मिनिटांत शेजारी लिनक्स टाका’ असा एक मेसेज सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. डिचोलीत मराठी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बहिणीने तो मला पाठवला आणि विचारलं, ‘रविवारी करून टाकू?’ तिच्या लॅपटॉपमध्ये दहावीच्या सराव परीक्षेचे सगळे पेपर आहेत, म्हणून हे लिहितोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) छान चालतं, हेही खरं. त्यापुढच्या सूचना मात्र आंधळेपणाने पाळल्या तर लॅपटॉप सुरूच होणार नाही.

सगळ्यात घातक सूचना अशी (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला तुकडा, जीपार्टेड म्हणजे ते तुकडे बदलायचं लिनक्समधलं साधन): ‘जीपार्टेडमध्ये १००, १६ आणि ६०० एमबीची बिनकामाची पार्टिशन्स दिसतील, ती डिलीट करून जागा मोकळी करा.’

बिनकामाची कशी? १०० एमबीचं आहे ते ईएफआय सिस्टिम पार्टिशन. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर (लॅपटॉप जागा करणारा मूळ प्रोग्राम) सी ड्राइव्हकडे जातच नाही. ते आधी हे फॅट३२ (फाइल्स साठवायची एक साधी पद्धत) पार्टिशन उघडतं, त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधली छोटी बूट फाइल चालवतं, आणि ती फाइल पुढे सी ड्राइव्हवरची विंडोज सुरू करते. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकल्यावर त्याचंही फोल्डर याच पार्टिशनमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरशेजारी येतं. जीपीटी डिस्कवर (पार्टिशन्सची नोंद नव्या पद्धतीने ठेवणाऱ्या डिस्कवर) हे पार्टिशन असलंच पाहिजे आणि ते फॅट३२ मध्येच हवं, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या दस्तऐवजात लिहून ठेवलंय. १६ एमबीचं रिझर्व्ह्ड पार्टिशनही त्याच यादीत आहे. ६०० च्या आसपासचं असतं ते रिकव्हरीचं. ते गेलं तर विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीचा निळा स्क्रीन लॅपटॉपवरून उघडणार नाही, पेनड्राइव्ह शोधत फिरावं लागेल.

आणि एवढं करून मिळवायचं काय? तिन्हींचे मिळून ७१६ एमबी. बरं, पहिले दोन तुकडे बहुतेक लॅपटॉपवर सी च्या आधी असतात आणि विंडोज आपला ड्राइव्ह फक्त उजवीकडे वाढवू शकते, म्हणजे ती जागा सी ला जोडताही येत नाही.

कोणी हे आधीच करून बसलं असेल तर घाबरून फॉरमॅट मारू नका. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं दिसलं तरी सी वरच्या फाइल्स जागच्या जागी असतात. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट-एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) आणा आणि त्यात डिस्कपार्ट हे पार्टिशनचं साधन उघडा. मोकळ्या जागेत १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्याला एस अक्षर द्या. मग डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ ही कमांड द्या (टाइप अर्थात रोमनमध्ये). बाहेर येण्याआधी डिस्कपार्टमध्येच ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने तपासा, कारण पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर सी चं अक्षर कधी कधी बदलतं.

दुसरी सूचना, ‘डेटा डी ड्राइव्हमध्ये कॉपी करा, बॅकअप झाला.’ नाही झाला! एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. तुम्ही त्याच डिस्कचं पार्टिशन टेबल बदलणार आहात. बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

‘सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय लिनक्स चालत नाही’ ही तिसरी. सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही असलेलाच बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) चालू देणारी फर्मवेअरची सोय. उबुंटूचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीनेच येतो, तो सिक्युअर बूट चालू असतानाही चालतो. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने बूटलोडर अडवले, तेव्हा अनेकांना सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागलं होतं. पण सरसकट बंद करायला सांगण्यात मोठा धोका आहे. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या कुलपाने) एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेला असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. पुष्कळांना आपला ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे हेच माहीत नसतं. आधी अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ चालवून बघा, आणि असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधली की कागदावर उतरवून ठेवा.

‘जीपार्टेडने सी लहान करा, २० जीबी पुरे.’ उबुंटू डेस्कटॉपला किमान २५ जीबी लागतात, मी ६० सांगेन. सी मात्र विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा: श्रिंक व्हॉल्यूम, आकडा ६१४४० (एमबी, म्हणजे ६० जीबी), आणि मोकळी झालेली जागा तशीच सोडा, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. विंडोज एवढी जागा सोडत नसेल तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. मध्ये अडून बसलेली हायबरनेशनची (लॅपटॉप झोपवताना मेमरी साठवायची) फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतं. ते बंद करायलाच हवं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्समधून सी वर लिहिता येत नाही. इन्स्टॉल करताना पार्टिशन हाताने निवडत असाल तर ईएफआय पार्टिशन वापरा, पण त्याच्या फॉरमॅटवर टिक नको. १० मिनिटांचा हट्ट सोडा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेलीच असते. पार्टिशन सरकत असताना वीज गेली तर फाइल्स अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे राहतात. इन्व्हर्टर नसेल तर त्या दिवशी हात लावू नका.

‘दोन सिस्टिम ठेवल्या की लॅपटॉप हळू होतो’ हे चूक. एका वेळी एकच चालते, दुसरी फक्त जागा अडवते.

शेवटची सूचना, ‘नको झालं तर लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा, झालं.’ तसं केलंत तर पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ येऊन थांबेल, कारण ग्रबची (उबुंटूच्या बूटलोडरची) सेटिंग्ज त्याच डिलीट केलेल्या पार्टिशनवर होती. आधी बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा, विंडोज सरळ सुरू होते याची खात्री करा, मग लिनक्सचं पार्टिशन काढा. १०० एमबीच्या त्या पार्टिशनला तेव्हाही हात लावायचा नाही.