अनवाणी वकील

म्युनिकचा एक जुना फोटो आहे, १० मार्च १९३३ चा. डॉ. मिखाएल सीगल नावाचे ज्यू वकील रस्त्यावरून चाललेत. अनवाणी, पँट गुडघ्यापासून कापलेली, गळ्यात पाटी: पोलिसांकडे पुन्हा कधी तक्रार करणार नाही. गुन्हा काय, तर अटक झालेल्या अशिलासाठी दाद मागायला ते पोलीस मुख्यालयात गेले. तळघरात दात पाडले, कानाचा पडदा फाडला, आणि मग ही धिंड.

मला मारापेक्षा धिंड महत्त्वाची वाटते. मारायला तळघर पुरलं असतं. रस्ता लागतो तो बघणाऱ्यांसाठी. हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते!

आपल्याकडे अनेकांना वाटतं, नाझींचे अत्याचार सगळे गुपचूप चालले होते. पुढची गॅस चेंबर्स दडवली, हे खरं. पण म्युनिकजवळ डाखाऊची छळछावणी उघडतोय हे तिथला नवा नाझी पोलीसप्रमुख हिमलर याने त्याच महिन्यात पत्रकारांना बोलावून सांगितलं, ५००० कैद्यांची सोय आहे यासकट. पेपरात छापून आलं. आत काय चालतं ते मात्र सुटून आलेल्याने बोलायचं नाही. लोकांना अर्धंच कळू द्यायचं, उरलेलं ज्याचं त्याचं मन भरून काढतं. ‘देवा, मला मुकं कर, म्हणजे डाखाऊ टळेल’ अशा अर्थाचं यमक जर्मन लोक दबक्या आवाजात म्हणत. खटल्याविना डांबण्याला सरकारी नाव होतं ‘संरक्षक कोठडी’. कोणाचं संरक्षण, देव जाणे.

१९३७ च्या सुमारास अख्ख्या देशात गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, माणसं साधारण ७०००, लोकसंख्या सहा कोटींच्या वर. एवढ्याशा माणसांनी भिंतीला कान कुठून आणले? शेजाऱ्यांनी दिले. कित्येक प्रकरणं साध्या माणसांच्या चुगलीवरून सुरू झाली, आणि त्यात राजकारणाइतकेच जुने हिशेब असत. म्हणून युद्धानंतरचं ‘आम्ही घाबरलो होतो’ मला पूर्ण पटत नाही. घाबरलेला माणूस गप्प बसतो. चुगली करायला घराबाहेर पडावं लागतं.

सीगल यांचा फोटो त्याच महिन्यात अमेरिकेत छापून आला. परदेशात अशा बातम्या येतात ही ज्यूंनी चालवलेली बदनामी आहे, असं म्हणत नाझींनी १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला. दारादारांत तपकिरी गणवेशातले नाझी उभे. कायद्याने खरेदीला बंदी नव्हती. आत जाणाऱ्याला अडवायचे, दटावायचे, आणि काही ठिकाणी त्याचा फोटो काढून ठेवायचे.