त्रेपन्न मिनिटे, पण कोणाची?

दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांपैकी एकाने काल रात्री मला छातीठोकपणे कळवले की अंतर 312 किलोमीटर असून विमानाला 53 मिनिटे लागतात. तिकीट काढायला गेल्यावर उघड झाले की या दोन लहान विमानतळांमध्ये थेट विमानच नाही! आधी उलट्या दिशेच्या मोठ्या विमानतळावर जायचे, तेथे अर्धा दिवस बसायचे आणि मग निघालो त्याच गावाच्या डोक्यावरून उडत पलीकडे उतरायचे. मग ही 53 मिनिटे नक्की कोणाला लागतात?

आकडा कोठून येतो, हे सांगायला ज्योतिषी नको. पृथ्वी म्हणजे 6371 किलोमीटर त्रिज्येचा गुळगुळीत गोळा मानायचा, त्यावरचे सर्वांत कमी अंतर काढायचे, त्याला ताशी 805 किलोमीटरने भागायचे आणि वर चढण्या-उतरण्यासाठी म्हणून अर्धा तास टाकायचा. जेथे सत्तर आसनांचे एटीआर उतरले तरी नशीब समजायचे, तेथे हा जेटचा वेग! ते पंख्याचे विमान हवेत स्थिरावल्यावरही ताशी 510 किलोमीटरच्या आसपासच जाते. शिवाय जागेवरून हलल्यापासून धावपट्टीपर्यंतचे रांगणे, हवाई मार्गांची वळणे आणि उतरण्यासाठी घातलेल्या घिरट्या यांचा हिशेब कोणी करायचा?

सर्वांत संताप आणला तो मध्यबिंदूने. दोन्ही विमानतळांच्या बरोबर मध्ये कोणती जागा येते, हे मी विचारलेले नसताना त्या पानाने अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत दिले, म्हणजे साधारण अर्धी वीत जागा दाखवून दिली. तेथे मी काय करू, सतरंजी अंथरू? त्याखाली दोन गावांच्या वेळेतील फरक "0 तास" असा ठळक अक्षरांत होता आणि पायी गेल्यास 62 तास लागतील, अशी माहितीही होती. विमान आहे की नाही, एवढे एक सोडून सगळे होते.

तिकिटांच्या संकेतस्थळांचीही तीच तऱ्हा. एका रात्रीचा मुक्काम पोटात घेतलेल्या प्रवासाला तेथे "सर्वोत्तम पर्याय" म्हणतात. विमान कंपन्या वेळापत्रकात आधीच मिनिटे फुगवून ठेवतात आणि नंतर "आपण नियोजित वेळेआधी पोहोचलो आहोत" अशी घोषणा करून कौतुकाची अपेक्षा करतात. वर पंधरा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नव्हे, असा या व्यवसायाचा सर्वमान्य संकेत. शहराचे नाव लावून शहराबाहेर तासभर लांब बांधलेल्या विमानतळांबद्दल तर आज बोलतच नाही, कारण रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली आहे.

एवढे बोलून मी मध्यरात्री कागद-पेन्सिल घेऊन एटीआरच्या वेगाने तो वेळ नव्याने मांडत बसलो होतो आणि त्या आकडेमोडीत त्रेपन्न मिनिटांहून अधिक वेळ गेला, हे घरच्यांनी घड्याळ दाखवून लक्षात आणून दिले. तरीही मी परतीच्या प्रवासाचे पान उघडलेच. तेथेही 53 मिनिटेच होती. जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर येतो, हे त्या गणिताच्या गावीही नाही. अर्थात, जे विमान मुळात उडतच नाही, त्याला वारा कुठला लागायला?