सलवारीला लागलेला रंग आणि न उघडलेली बाटली: एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. आमच्याकडून नेलेल्या किटमधला लेदरचा गडद तपकिरी रंग तुमच्या फिकट टॅन लेदर सोफ्यावर आठवडाभरही टिकला नाही, पांढऱ्या सलवारीला डाग पडले आणि आम्ही डुप्लिकेट माल विकतो, असं तुम्ही लिहिलंत. सलवारीचं वाईट वाटलं. डुप्लिकेट मालाचं मात्र मान्य नाही.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पाठीवर रंग एकसारखा बसलाय. उडालाय तो हँडलांवर आणि डोकं टेकतं तिथे, आणि पोपड्याखाली जुना टॅन अजून चकाकतोय. म्हणजे रंग खाली पोचलाच नाही. या जागांवर हाताचा घाम आणि केसांचं तेल वर्षानुवर्षं मुरतं, शिवाय कंपनीच्या फिनिशचा थर असतो. आधी क्लीनरने तेल काढायचं, मग डीग्लेझरने चकाकी उतरवायची, आणि दोन्ही बाटल्या किटमध्येच आहेत. तुम्हीच लिहिलंय, "ओल्या फडक्याने पुसून रंग लावला". तेलावर कुठल्याच कंपनीचा रंग धरत नाही.

कपड्यांना लागण्याचं कारण वेगळं. फोटोत टीपॉयवर टॉप कोटची बाटली दिसतेय, सील न तोडलेली. रंग आणि तुमचे कपडे यांच्यामध्ये तोच एक थर असतो! त्यात हे पावसाळ्याचे दिवस. हवा दमट असली की वरून कोरडा वाटणारा हात आतून ओलाच राहतो, आणि त्यावर घाईने दुसरा जाड हात दिला की सगळंच चिकट होतं. स्पंजने पातळ हात, पंखा चालू, मध्ये भरपूर वेळ.

शेजारच्या काकांचं बूट पॉलिश बरं होतं, असंही तुम्ही म्हणता. कृपा करून नको. मेणाचं पॉलिश वरवर राहतं, अंगाच्या उबेने मऊ होतं आणि कपड्यांवर उतरतं. खोबरेल तेलाने लेदर गडद दिसतं खरं, पण डागाडागांनी, वर धूळ चिकटते ती वेगळीच.

एक गोष्ट तपासा. "जेन्युइन लेदर"ची पट्टी असलेल्या बऱ्याच सोफ्यांना लेदर फक्त बसायच्या आणि टेकायच्या जागी असतं, बाजूला आणि मागे रेक्झिन. तुमच्या मागच्या बाजूची शेड वेगळी दिसतेय ती त्यामुळे असू शकेल. रेक्झिनसाठी हा रंग नाहीच, हे बाटलीवर छापलेलं आहे.

उघडलेल्या किटचे पैसे आम्ही परत करत नाही. पण अख्खा सोफा पुन्हा करायची गरजही नाही. हँडलं आणि डोक्याची जागा तेवढी डीग्लेझरने उतरवा, पोपड्यांच्या कडा बारीक सँडपेपरने सपाट करा, रंगाचे पातळ हात द्या आणि शेवटी टॉप कोट सगळीकडे. जमत नसेल तर सुटं होणारं एखादं कुशन घेऊन आमच्या धारावीच्या दुकानात या, कारागीर तुमच्यासमोर करून दाखवेल, पैसे घेणार नाही. रविवारी बंद असतं. येताना उरलेला रंग आणा, शेड त्याच्याशीच जुळवावी लागेल.